न दिसणारी पाती

३० ऑगस्ट १९५५ रोजी सिडनीजवळच्या बँक्सटाउन विमानतळावरून एक छोटे ऑस्टर विमान हवेत उडाले. त्यात कोणीच नव्हते. वैमानिक खाली उभा राहून ते जाताना पाहत होता. उतरल्यावर इंजिन बंद पडले म्हणून तो बाहेर आला होता आणि नाकासमोर उभे राहून त्याने हाताने पंखा फिरवला होता. इंजिन लागले आणि विमान त्याला मागे टाकून पळत सुटले. पुढचे काही तास ते सिडनी आणि आसपासच्या किनाऱ्यावर आपल्याच मनाने घिरट्या घालत राहिले. हवाई दलाच्या एका विमानातून सैनिकाने ब्रेन गनने गोळ्या झाडून पाहिल्या. जेट विमाने आली, पण त्यांनाही ते पाडता आले नाही. अखेर ऑस्ट्रेलियन नौदलाच्या दोन सी फ्युरी विमानांनी ते समुद्रावर नेमके गाठले आणि पाडले. माणूस एकही दगावला नाही.

विमानप्रेमी लोक हा किस्सा आजही रंगवून सांगतात. पाठलागाचा भाग अर्थातच रंगतदार आहे. पण खरा धोका आकाशात नव्हता, तो त्याआधीच्या दोन-तीन सेकंदांत येऊन गेला होता. रिकाम्या विमानासमोर एक माणूस हातभर अंतरावर उभा आहे, पंख्याने गती घेतली आहे, विमान त्याच्याच दिशेने पुढे सरकते आहे आणि ब्रेक दाबायला आत कोणी नाही. तो बाजूला झाला म्हणून वाचला. असे न वाचलेले लोकही पुष्कळ आहेत. त्यांच्या अपघातांच्या बातम्या मात्र आतल्या पानांवर दोन परिच्छेदांत संपतात.

छोट्या विमानाच्या नाकावरचा प्रोपेलर, म्हणजे हँगरमधल्या माणसांच्या तोंडचा ‘पंखा’, हा विमानाचा असा भाग आहे की तो हवेत असताना कोणाला इजा करत नाही. त्याचे बळी जमिनीवरचे असतात: उतरणारा प्रवासी, चाकाचा अडसर काढायला वाकलेला वैमानिक, फोटो काढणारा, इंधन भरणारा, विमान ढकलणारा. अमेरिकेच्या नागरी विमान वाहतूक प्रशासनाच्या ओक्लाहोमा सिटीतल्या वैद्यकीय संस्थेने १९८० ते १९८९ या दहा वर्षांतले असे अपघात तपासले, तेव्हा त्या एका देशातच शंभराहून अधिक माणसे पंख्याखाली सापडल्याच्या नोंदी मिळाल्या.

दिवसाढवळ्या, मोकळ्या मैदानात, एवढा आवाज करणाऱ्या यंत्रात शहाणीसुरती माणसे चालत कशी जातात?

पहिले कारण म्हणजे फिरणारा पंखा दिसत नाही. जगभरच्या फ्लाइंग स्कूलमध्ये, आपल्याकडच्या बारामती, धुळे, नागपूरलाही, ज्या सेसना १७२ विमानावर पिढ्यान्‌पिढ्या शिकल्या, त्याच्या नव्या प्रकारांत पंख्याचा व्यास साधारण १९३ सेंटिमीटर असतो. उंच माणसापेक्षाही जास्त. विमान उभे असताना इंजिन अगदी मंद सोडले तरी हा पंखा मिनिटाला सहाशे-सातशे फेरे मारतो. म्हणजे पात्याचे टोक ताशी सुमारे अडीचशे किलोमीटर वेगाने जात असते. पूर्ण ताकदीवर, मिनिटाला २७०० फेऱ्यांना, तेच टोक ताशी ९८० किलोमीटरच्या आसपास पोचते. डोळ्याला त्यातले काही पकडता येत नाही. जिथे दोन मीटर रुंदीचे धातूचे चक्र आहे, तिथे फार तर धुरकट झाक दिसते आणि तिच्यातून पलीकडची इमारत, माणसे, गवत सगळे स्वच्छ दिसत राहते.

मंद चालीचा हिशेब अधिक भयंकर आहे. दोन पात्यांचा पंखा मिनिटाला सातशे फेरे मारतो, तेव्हा एका जागेवरून सेकंदाला तेवीस वेळा पाते जाते. नेहमीच्या चालीने चालणारा माणूस दोन पात्यांच्या मधल्या वेळात जेमतेम सहा सेंटिमीटर पुढे सरकतो. काही तरी चुकले आहे हे ध्यानात येऊन हात मागे घ्यायला माणसाला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी लागतोच. तेवढ्यात चार-पाच पाती येऊन गेलेली असतात. चटकन मागे होणे ही गोष्ट इथे शक्यच नाही.

रंगाची गोष्टही कमी लोकांना ठाऊक असते. पात्यांची टोके पांढऱ्या, पिवळ्या किंवा लाल पट्ट्यांनी रंगवतात, म्हणजे फिरताना तिथे रंगाचे कडे दिसावे. पण पात्याची मागची बाजू, म्हणजे वैमानिकाच्या डोळ्यांसमोरची बाजू, बहुतेक विमानांत मुद्दाम मंद काळी ठेवतात. तिच्यावरून उन्हाची तिरीप डोळ्यात जाऊ नये म्हणून. वैमानिकासाठी ही सोय अत्यावश्यक आहे. पण विमानाचे दार पंख्याच्या मागे असते, म्हणून उतरणाऱ्या प्रवाशाच्या वाट्यालाही तीच काळी बाजू येते. रात्री, अंधाऱ्या तळावर, काळ्या डांबरावर.

आवाज तरी सावध करील असे वाटते. प्रत्यक्षात तो करत नाही. तासभर विमानात बसलेल्या माणसाचे कान त्या घरघरीला सरावलेले असतात. हेडफोन काढून तो बाहेर येतो तेव्हा आवाज चारही बाजूंनी येतो, त्याचा उगम कळत नाही. वारा तर उलटी फसवणूक करतो. पंख्याच्या मागे उभे राहिले तर जोराचा झोत अंगावर येतो आणि माणूस आपोआप मागे सरतो. पुढच्या बाजूने मात्र पंखा हवा आत ओढत असतो. तिथे झोत जाणवत नाही, उलट टोपी, ओढणी, हातातला कागद त्याच्याकडे खेचला जातो. आणि माणूस उडालेल्या टोपीमागे धावतोच.

या सगळ्याचा एकत्र परिणाम काय होतो, हे ३ डिसेंबर २०११ च्या रात्री टेक्ससमधल्या मॅकिनी गावाजवळच्या एका छोट्या विमानतळावर दिसले. नाताळची रोषणाई वरून पाहण्यासाठी लोकांना फेरी मारून आणले जात होते. विमान होते अव्हिएट हस्की, दोनच आसनांचे, एकामागे एक. फॅशनवर लिहिणारी लॉरेन स्क्रग्ज ही तरुणी फेरी संपवून उतरली. इंजिन सुरूच होते, कारण पुढची फेरी लगेच निघायची होती. वैमानिकाने तिला विमानाच्या मागच्या बाजूने जायला सांगितले, ती पुढे वळू नये म्हणून हात आडवा धरला आणि ती पंखाच्या तिरप्या दांड्यापलीकडे गेलेली दिसल्यावर तो पुन्हा आपल्या जागी नीट बसून पुढच्या प्रवाशाशी बोलू लागला. त्यानंतरच्या काही क्षणांत ती पंख्याला जाऊन भिडली. तिचा डावा हात आणि डावा डोळा गेला. पुढे तिने स्वतःच्या या अनुभवावर पुस्तक लिहिले, ती पुन्हा उभी राहिली. तिच्या धैर्याबद्दल खूप लिहिले गेले आणि ते योग्यच होते. वैमानिकाच्या त्या आडव्या हाताबद्दल मात्र फारसे कोणी बोलले नाही. त्याला धोका माहीत होता, त्याने सूचना दिली होती, हातही धरला होता. एवढे करूनही पुरले नाही, हे या घटनेतले सर्वांत महत्त्वाचे सत्य आहे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या स्टेट्सबोरो इथे जवळजवळ हेच घडले. पुन्हा रात्र, पुन्हा सुरू इंजिन, पुन्हा उतरणारा प्रवासी. विद्यापीठात शिकणारा एकवीस वर्षांचा मुलगा सेसनातून खाली आला आणि पंख्याखाली सापडला. तो वाचला नाही. दोन वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, कॅन्सस राज्यातल्या डर्बीजवळ स्कायडायव्हिंगच्या मैदानावर एक छायाचित्रकार स्त्री विमानात चढणाऱ्यांचे फोटो घेत होती. चौकटीत सगळे यावेत म्हणून माणूस करतो तेच तिने केले, कॅमेऱ्यातून पाहत मागे सरकली. मागे फिरता पंखा होता. ती काही नवखी नव्हती, त्या मैदानावर तिचा वावर नेहमीचा होता.

तिन्ही घटना शेजारी ठेवल्या की बेसावध माणूस हे उत्तर पटेनासे होते. माणसे बेसावध होणारच. अंधार, उत्साह, कॅमेरा, पुढचा प्रवासी, उडालेली टोपी, यांतले काही ना काही नेहमीच असणार. तिन्ही ठिकाणी समान असलेली आणि टाळता येण्याजोगी गोष्ट एकच होती. विमानाभोवती माणसे असताना इंजिन सुरू ठेवले होते.

मग ते बंद का करत नाहीत? याला आळस म्हणून सोडून देणे अन्यायाचे होईल, कारण त्यामागे एक खरी अडचण आहे. सेसना १७२ च्या अलीकडच्या प्रकारांत कार्ब्युरेटर नसतो, इंधन नळ्यांतून थेट फवारले जाते. तापलेले इंजिन बंद केले की त्याची उष्णता वर चढते आणि त्या बारीक नळ्यांत पेट्रोलची वाफ होते. दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करायला जावे तर नळीत इंधनाऐवजी वाफ असते. स्टार्टर कुरकुरत राहतो, बॅटरी उतरते. वैमानिक याला ‘हॉट स्टार्ट’ म्हणतात आणि गोंदिया, नागपूरसारख्या ठिकाणी, जिथे एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीसच्या वर जातो, तिथल्या विद्यार्थ्यांना तो चांगलाच परिचयाचा असतो. एकदा लागलेले इंजिन बंद करायला हात धजत नाही, तो यामुळे. त्यात फेऱ्यांवर पैसे मिळणार असतील, रांग लागली असेल, तर मोह आणखी वाढतो. तरीही हिशेब मांडून पाहिला तर एका बाजूला पाच-दहा मिनिटे आणि थोडी बॅटरी आहे, दुसऱ्या बाजूला माणसाचा हात किंवा जीव. अशा तराजूत काय ठेवायचे याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही.

आतापर्यंत बोलणे झाले ते फिरणाऱ्या पंख्याचे. थांबलेला पंखा ही वेगळीच गोष्ट आहे आणि ती समजून घ्यायला इंजिनाच्या पोटात थोडे डोकवावे लागते.

मोटारीची किल्ली काढली की गाडी मेली. ठिणगी पाडायला लागणारी वीज बॅटरीतून येते आणि किल्लीने ती तोडलेली असते. छोट्या विमानांच्या बहुसंख्य पेट्रोल इंजिनांत तसे नसते. तिथे मॅग्नेटो असतो. इंजिनाबरोबर एक चुंबक फिरतो आणि तोच ठिणगीपुरती वीज तयार करतो, बॅटरी असो वा नसो. पुण्याच्या कायनेटिकची जुनी लुना पेडल मारून लागायची, ती याच तत्त्वावर. विमानात असे दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात आणि प्रत्येक सिलिंडरला दोन-दोन स्पार्क प्लग. उद्देश सरळ आहे: हवेत असताना विमानातली सगळी वीज गेली तरी इंजिन चालत राहिले पाहिजे.

आता ते बंद कसे करायचे? मॅग्नेटो वीज तयार करायचे थांबवत नाही, म्हणून त्याची वीज वळवून टाकायची. वैमानिकाने किल्ली ‘ऑफ’वर नेली की एका बारीक तारेतून ती वीज इंजिनाच्या धातूच्या अंगात उतरते आणि प्लगपर्यंत पोचत नाही. अख्खी भिस्त या तारेवर. ती तार झिजली, तुटली, तिचा स्क्रू सैल झाला, तर किल्ली ‘ऑफ’ दाखवत राहते आणि मॅग्नेटो जिवंतच असतो. इथे रचनाकारांनी चूक केलेली नाही. तार तुटली तर इंजिन चालू राहावे, बंद पडू नये, हे आकाशातल्या माणसाच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. पण जो बिघाड आकाशात माणसाला वाचवतो, तोच जमिनीवर पंख्यासमोर उभ्या असलेल्या माणसाचा घात करतो.

त्यात आणखी एक भर आहे. हाताने किंवा स्टार्टरने पंखा हळू फिरत असताना मॅग्नेटोची ठिणगी अशक्त पडेल, म्हणून त्यात एक स्प्रिंग बसवलेली असते. पंखा थोडा फिरला की ती ताणली जाते आणि ठरावीक जागी सुटून चुंबकाला जोराचा हिसका देते. पंख्यापाशी उभे असाल तर त्याचा ‘टक’ असा आवाज ऐकू येतो. म्हणजे कोणी सहज म्हणून पाते हाताने वर-खाली केले, तरी जोमदार ठिणगी पडू शकते. सिलिंडरमध्ये जरा जरी पेट्रोलची वाफ उरली असेल, तर इंजिन एकदा पेटते. एकदाच पेटणे पुष्कळ झाले, पाते अर्धा फेरा मारायला त्याहून जास्त काही लागत नाही. नुकतेच बंद केलेले इंजिन तर याहून अविश्वासू. त्याच्या आत काजळीचा एखादा कण निखाऱ्यासारखा लाल असेल, तर ठिणगीचीही गरज उरत नाही.

म्हणून चांगल्या फ्लाइंग स्कूलमध्ये इंजिन किल्लीने बंद करत नाहीत. मिक्स्चरची दांडी पूर्ण मागे ओढून इंधन तोडतात. सिलिंडरमध्ये उरलेसुरले पेट्रोल जळून जाते, इंजिन उपाशी पडून थांबते आणि त्यानंतर किल्ली फिरवतात. त्याआधी मंद चालीवर क्षणभर किल्ली ‘ऑफ’ करून पाहण्याची पद्धत आहे. इंजिन मरू लागले तर तारा शाबूत आहेत. चालतच राहिले तर एक तार तुटली आहे आणि ते विमान मेकॅनिकच्या हाती द्यायचे. मग किल्ली काढून काचेमागे डॅशबोर्डवर ठेवायची, बाहेरून येणाऱ्या कोणालाही दिसेल अशी. ही किल्ली दिसली नाही तर पंख्याला हात लावायचा नाही. आणि दिसली तरी तो जिवंतच आहे असे धरून चालायचे.

हात लावावाच लागतो, ही यातली अडचण. प्रत्येक उड्डाणाआधी वैमानिक विमानाला फेरी मारतो तेव्हा पात्याच्या कडेवरून बोट फिरवतो. धावपट्टीवरच्या खड्यांनी तिथे बारीक खाचा पडतात. वेगात फिरताना पाते मुळापासून उपटू पाहणारा जोर कित्येक टनांचा असतो आणि एवढ्याशा खाचेपासून तडा सुरू होऊ शकतो. विमान हँगरमध्ये ओढायचा लोखंडी दांडा पुढच्या चाकाला लागतो, म्हणजे दांडा लावायला वाकलेल्या माणसाचे डोके थेट पात्याच्या वाटेत येते. काही जण दांडा शोधण्याचा कंटाळा करून पंखाच धरून विमान ओढतात. असे दृश्य कुठल्याही छोट्या विमानतळावर पाहायला मिळते आणि तिथल्या अनुभवी माणसांनी ते थांबवायला हवे.

हाताने पंखा फिरवून इंजिन सुरू करणे ही एके काळी रोजची रीत होती. १९२९ साली जे. आर. डी. टाटांना भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला, तेव्हा जुहूच्या बॉम्बे फ्लाइंग क्लबवर मॉथ जातीची विमाने असत आणि त्यांची इंजिने साधारणपणे हातानेच लावत. एक जण आत, एक जण पंख्यापुढे, आणि दोघांत ठरलेली आरोळ्यांची देवाणघेवाण. बाहेरचा ओरडे ‘स्विच ऑफ’, आतला तेच शब्द मोठ्याने परत म्हणे. पंखा दोन-चार वेळा फिरवून सिलिंडरमध्ये इंधन ओढून घ्यायचे, मग बाहेरून ‘कॉन्टॅक्ट’, आतून ‘कॉन्टॅक्ट’, आणि मगच तो निर्णायक झटका. चाकांपुढे अडसर लावलेला. पाते बोटांनी घट्ट पकडायचे नाही, बोटे सपाट ठेवायची, कारण इंजिनाने उलटा हिसका दिला तर पकडलेला हात सुटत नाही. झटका देतानाच एक पाय मागे झोकून शरीराचा तोल विमानापासून दूर न्यायचा. पायाखाली चिखल, ओले गवत, खडी नको. अंगावर सैल काही नको. त्याही आधी, पहिल्या महायुद्धाच्या काळात, इंजिने मोठी झाली तसे हे काम माणसाच्या आवाक्याबाहेर जाऊ लागले आणि बेंटफील्ड हक्स या इंग्रज वैमानिकाने फोर्ड गाडीवर बसवलेला एक लांब फिरता दांडा तयार केला. गाडी विमानाच्या नाकाला भिडवायची आणि पंखा गाडीच्या इंजिनाने फिरवायचा. तो ‘हक्स स्टार्टर’ म्हणून ओळखला जातो.

विजेचे स्टार्टर आल्यावर ही कला जुन्या विमानांपुरती उरली. टायगर मॉथ, पायपर कब यांसारखी विमाने बाळगणारे लोक ती गुरूकडून रीतसर शिकतात आणि शिस्तीने पाळतात. धोका त्यांच्याकडून कमी आहे. धोका आहे तो बॅटरी उतरलेल्या आधुनिक विमानाच्या मालकाकडून. एकटाच असलेला, घाईत असलेला, कुठे तरी पाहिलेले आठवून पंख्यापुढे उभा राहणारा. सिडनीच्या ऑस्टरपुढे असाच एकटा माणूस होता. आत जाणकार बसलेला नसेल तर पंख्याला हात लावायचा नाही, एवढा एक नियम जरी पाळला असता तरी नौदलाची विमाने उठवावी लागली नसती.

महाराष्ट्रातल्या बहुतेक वाचकांचा छोट्या विमानाशी संबंध येणार नाही. पंख्यांशी मात्र येतो. जळगाव असो की सिंधुदुर्ग, छोट्या विमानतळांवर एटीआर ७२ विमाने उतरतात आणि प्रवासी चालत विमानापर्यंत जातात. या विमानाच्या प्रत्येक इंजिनावर सहा पात्यांचा, जवळजवळ चार मीटर व्यासाचा पंखा असतो. प्रवाशांचे दार शेपटीकडे ठेवलेले आहे, ते पंख्यांपासून दूर. उजव्या इंजिनात तर पंख्याला ब्रेक लावून फक्त इंजिन चालू ठेवण्याची सोय असते, म्हणजे उभ्या विमानाला वीज आणि थंड हवा मिळते. पंखा स्थिर दिसतो आणि इंजिन आत गर्जत असते. जमिनीवरचा कर्मचारी शंकूंच्या किंवा दोरीच्या आत राहायला सांगतो, सेल्फीसाठी थांबलेल्याला हाकलतो, तेव्हा अनेकांना तो उगाच अडवतो असे वाटते. त्याचे ऐकावे. लहान मुलाचा हात धरूनच तिथून चालावे.

हेलिकॉप्टरशी तर आपला संबंध आता तीर्थयात्रेमुळे आला आहे. केदारनाथला दर मोसमात हजारो मराठी भाविक हेलिकॉप्टरने जातात. २३ एप्रिल २०२३ रोजी, मंदिर उघडण्याच्या दोन दिवस आधी, तिथल्याच हेलिपॅडवर उत्तराखंडच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाचा एक वरिष्ठ अधिकारी शेपटीच्या पंख्याचा आघात होऊन मरण पावला. ज्या खात्याकडे या सेवेची व्यवस्था, त्याच खात्यातला माणूस. हेलिकॉप्टरच्या शेपटीचा पंखा लहान असतो, माणसाच्या डोक्याच्या उंचीला असतो आणि इतक्या वेगाने फिरतो की साफ दिसेनासा होतो. डोक्यावरची मोठी पाती गती कमी होताना खाली झुकतात, वाऱ्याच्या झोताने आणखी खाली येतात. डोंगरउतारावर, चढाच्या बाजूने आलेल्या माणसाच्या आणि पात्यांच्या मधले अंतर फारच कमी राहते. म्हणून समोरून, वैमानिकाच्या नजरेच्या टप्प्यात, उताराच्या बाजूने, वाकून, आणि कर्मचाऱ्याने हात केल्यावरच जवळ जायचे. शेपटीकडे कधीही नाही. जुहूहून मुंबई हायच्या तेलविहिरींकडे जाणाऱ्या कामगारांना या सूचना प्रत्येक फेरीला दिल्या जातात. केदारनाथच्या रांगेतला शाल पांघरलेला सत्तरीचा यात्रेकरू आयुष्यात पहिल्यांदाच हेलिकॉप्टरपाशी येतो. त्याला त्या कामगाराहून जास्त जपले पाहिजे, हाताला धरून नेले पाहिजे.

जेट विमानांना उघडा पंखा नसतो, तरी गोष्ट फारशी बदलत नाही. १६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबई विमानतळावर हैदराबादला निघालेल्या एअरबस ३१९ च्या इंजिनात जमिनीवरचा एक तंत्रज्ञ ओढला गेला. ३१ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरी इथे एका महिला कर्मचाऱ्याचा असाच अंत झाला. विमान जागेवर येऊन थांबले होते, पण त्याचे वीजपुरवठ्याचे सहायक इंजिन नादुरुस्त असल्याने मुख्य इंजिने काही मिनिटे सुरू ठेवली होती. विमान येण्याच्या थोडेच आधी कर्मचाऱ्यांना एकत्र करून हे सांगितलेही होते. मॅकिनीच्या वैमानिकाने आडवा हात धरला होता, मॉन्टगोमेरीत बैठक झाली होती. सूचना द्यायलाच हव्यात, पण सूचनेवर जीव टांगून ठेवता येत नाही.

फ्लाइंग स्कूलच्या प्रशिक्षकांनीही एका जुन्या प्रथेकडे नव्याने पाहावे. विद्यार्थ्याच्या पहिल्या एकट्या उड्डाणाआधी प्रशिक्षक धावपट्टीच्या कडेला विमान थांबवतो, इंजिन सुरू असतानाच विद्यार्थ्याच्या खांद्यावर थाप देऊन उतरतो, दार लावतो आणि निघून जातो. हा क्षण विद्यार्थ्याच्या जन्मभर लक्षात राहतो. तो इंजिन बंद करून साजरा केला तर त्यातले काही कमी होत नाही. उलट आपल्या गुरूने उतरण्याआधी इंजिन बंद केले होते, हेही त्या विद्यार्थ्याच्या लक्षात राहील आणि पुढे शेकडो प्रवाशांना उतरवताना त्याचा हात आपोआप त्या मिक्स्चरच्या दांडीकडे जाईल.

प्रवासी म्हणून तुमच्या हातात एक गोष्ट आहे. हौसेची फेरी असो, मित्राचे विमान असो, परदेशातल्या भाच्याने नुकताच परवाना मिळवून तुम्हाला आकाश दाखवायला नेले असो, चढण्याआधी आणि उतरण्याआधी इंजिन बंद करायला सांगा. त्यात संकोच करू नका, चांगल्या वैमानिकाला याचा राग येत नाही. पाती पूर्ण थांबलेली दिसली, किल्ली डॅशबोर्डवर आली, की मगच दार उघडा, शेपटीच्या दिशेने चाला आणि फोटो काढायचा असेल तर पंखापलीकडे गेल्यावर काढा.